मान वळली : एका भिंतीच्या नोंदी

१२ जानेवारी
वाचनालयाच्या कार्यकारिणीने अखेर होकार दिला. जिन्यातली भिंत मिळाली, आठ फूट बाय पाच फूट. विषय असा: नाशिकमध्ये रोजच्या जाण्या-येण्यात जिथे मान आपसूक मागे वळते, अशा चोवीस गोष्टी. प्रत्येकीचा फोटो, खाली चार ओळी, आणि त्या चार ओळींत 'हे असं का?' याचं उत्तर. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे गमतीजमतीच ना? लावा की." गमतीजमती नव्हेत असं सांगणार होतो, पण भिंत हातची जायची. गप्प बसलो.

नियम केले. मुद्दाम शोधायला जायचं नाही, कामाधामाला निघालो असताना दिसेल तेच घ्यायचं. मान माझीच वळली पाहिजे, कुणी दाखवलं म्हणून नाही. आणि कारण कळल्याशिवाय भिंतीवर जागा नाही.

मोजमापही ठरवलं. चालत राहिलो पण नजर मागे रेंगाळली, तर अर्धी मान. थांबलो, तर पूर्ण मान. स्कूटर फिरवून परत गेलो, तर 'गाडी वळवली'. यापुढे काही नाही. अपघात झाल्यास नोंद दुसऱ्या कुणीतरी करावी.

१५ जानेवारी
सकाळी कडाका. पेठ रोडवर दहा-बारा शेळ्या स्वेटर घालून चाललेल्या. एकीच्या अंगात शाळेचा निळा, व्ही गळ्याचा; पुढचे दोन्ही पाय बाह्यांत नीट घातलेले. एका करडाला टी-शर्ट, त्यावर मागच्या निवडणुकीतलं चिन्ह. गाडी वळवली.

राखणाऱ्या मावशींना विचारलं. थंडीत करडांच्या छातीत कफ होतो आणि दोन दिवसांत जीव जातो, म्हणून. "पोरं मोठी झाली, स्वेटरं पडूनच होती घरात." टी-शर्टचं विचारलं, तर म्हणाल्या, "फुकट मिळालेला. माणसाने घातला असता तर विरला असता." याचा अर्थ काय ते मला नीटसं कळलं नाही, पण लिहून ठेवतो.

१८ जानेवारी
शालिमारला समोरून एक स्कूटर आली, मागच्या बाईंनी पुरुषभर उंचीचा आरसा आडवा धरलेला. क्षणभर मीच मला आडवा येताना दिसलो. पूर्ण मान, ब्रेकसकट.

पण कारण काय लिहिणार? 'आरसा घरी न्यायचा होता.' ही नोंद खोडली. दृश्य झकास असलं तरी पुसलं की संपतं, मागे काही उरत नाही. चोवीसातली एकही जागा अशावर घालवायची नाही.

२१ जानेवारी
गाडीच्या नंबरांचा कंटाळा येईपर्यंत अभ्यास केला. इंग्रजी आकडे वाकवून ४१४१ चा 'दादा' होतो, २१४ चा 'राम'. ८०५५ मध्ये तर इंग्रजीतला बॉसच बसलेला असतो. लहानपणापासून पाहतोय, तरी सिग्नलला पुढची गाडी 'दादा' निघाली की अर्धी मान होतेच.

ही जात आता नामशेष व्हायला लागली आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरपाटी कंपनीकडूनच येते, आणि जुन्या गाड्यांनाही ती बसवून घ्यायची सक्ती झाली आहे. त्या पाटीवर आकडे ठोकलेले असतात, सगळे एका वळणाचे, वाकवायला वाव नाही. आमच्या छपाईच्या प्रेसच्या शेजारचा पाटी रंगवणारा म्हणाला, हौशी लोक आता काचेवर 'दादा' लिहून घेतात. म्हणजे धंदा पाटीवरून काचेवर सरकला.

भिंतीवर एक जागा. फोटोत खरा नंबर दिसू नये म्हणून पुठ्ठ्यावर रंगवून घेतला.

२६ जानेवारी
पिंपळगावला मेहुण्याकडे. वाटेत द्राक्षबागेत घडांना वर्तमानपत्रं गुंडाळलेली. एका घडावर शेअर बाजार, शेजारच्यावर निधनवार्ता. दिवसा ऊन आणि रात्री गारठा असा फरक पडला की हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा चढते. शेतकरी त्याला सरळ 'पिंक बेरी' म्हणतात. चवीला काही वाईट नसतं, पण परदेशी गिऱ्हाइकाला हिरवं म्हणजे हिरवंच लागतं, माल परत येतो. म्हणून कागद. मेहुणा म्हणाला, एकरभर बाग झाकायची तर रद्दीही विकत घ्यावी लागते आणि एकेका घडाला हाताने गुंडाळत बसावं लागतं. मजुरी रद्दीहून जास्त.

मी तिथे उभा राहून एका घडावरचा अग्रलेख अर्धा वाचला. उरलेला पलीकडच्या बाजूला होता.

२ फेब्रुवारी
आमच्या गल्लीत चौदा फाटकं आहेत, त्यांतल्या नऊ फाटकांपुढे लाल किंवा निळ्या पाण्याच्या बाटल्या. लाल म्हणजे कुंकू नाहीतर रंग, निळं म्हणजे नीळ. कुत्री घाण करत नाहीत म्हणे. ही बाटली पाहून माझी मान वळायचं कधीच थांबलं होतं. आज वळली, कारण एका बाटलीला टेकून कुत्रं झोपलं होतं.

१५ फेब्रुवारी
बाटल्यांचा प्रयोग संपला. आमच्या फाटकापुढे आठवडाभर लाल, मग काही दिवस निळी, मधे दोन दिवस काहीच नाही. निकाल: कुत्र्याला काही फरक नाही. शेजाऱ्यांना आहे. लाल काढून निळी ठेवली तेव्हा तिघांनी येऊन विचारलं, "निळीने जास्त फरक पडतो का हो?"

कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, आपल्याकडे तीन. निळं त्याला कळतं. लाल मात्र मळकट, तपकिरी-करडं दिसत असणार. म्हणजे लाल बाटलीतला लाल रंग फक्त मालकासाठी आहे. गंमत म्हणजे जपानमध्येही घरापुढे पाण्याच्या बाटल्या मांडतात. तिथे साधं पाणी, आणि मांजरांसाठी. मांजरंही ऐकत नाहीत.

१६ फेब्रुवारी
शाळेतला मित्र डोळ्यांचा डॉक्टर आहे. त्याला मूळ प्रश्नच विचारला: मान वळते ती का?

त्याने मला हात लांब करून अंगठा धरायला लावला. म्हणाला, या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतच तुला नीट, बारीक दिसतं. बाकी सगळं धूसर असतं. डोळा सेकंदाला साधारण तीन उड्या मारतो, एकेका उडीत एक नख उचलतो. एका नखाकडून दुसऱ्याकडे जाताना तर काहीच दिसत नाही. मधलं सगळं मेंदू अंदाजाने भरून घेतो. रस्ता आहे ना, मग रस्त्यावर असतं तेच असणार. शेळी म्हणजे शेळी. अंदाज जमला तर डोळा पुढे जातो, परत पाहत नाही. अंदाज आणि नख यांचं जमलं नाही, तरच मान परत वळते.

"म्हणजे दुसऱ्यांदा पाहतो ते डोळ्याने नव्हे?"
"पहिल्यांदाही डोळ्याने पाहत नाहीस रे फारसं. ओळखीच्या रस्त्यावर तर मुळीच नाही."

फी घेतली नाही. चष्म्याचा नंबर वाढला आहे असं मात्र सांगितलं. म्हणजे मागच्या काही नोंदी चष्म्याच्याही असू शकतात.

२० फेब्रुवारी
भिंत पाहायला गेलो. ओल आली आहे. चिटणीस मला बाजूला घेऊन म्हणाले, "रंग देऊ नका इतक्यात. नीट बघा." बघितलं. दाढीवाला माणूस, फेटा, एक डोळा किंचित मिटलेला. ते एकदा दिसल्यावर दिसेनासं करता येईना. दोन वाचकांनी म्हणे नमस्कारही केला आहे.

१९७६ मध्ये व्हायकिंग यानाने मंगळाचा फोटो पाठवला, त्यात असाच चेहरा होता. त्यावर जगभर वर्षानुवर्षं चर्चा झाली. पंचवीस वर्षांनी दुसऱ्या यानाने जवळून, बारीक फोटो काढले, तर साधी टेकडी. डोळ्याला दोन ठिपके आणि खाली एक आडवी रेघ मिळाली की तो चेहरा करतोच. आमची ओल गच्चीच्या पन्हाळीतून येते. प्लंबरला सांगितलं.

१ मार्च
भाची नागपूरहून आली, चार महिन्यांच्या कामासाठी. सामान टाकलं तोच तिच्या मामीने मला हाक मारून सांगितलं, "गंगेवर जाऊन भाजी घेऊन या." भाचीची मान वळली. "गंगा? इथं काहून गंगा?"

आम्ही नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो आणि तिच्या काठाला गंगाघाट. हे सांगताना जाणवलं की आजवर कुणाला सांगायची वेळच आली नव्हती.

तिला वही दाखवली. अकरा नोंदी. शेळ्या, पाटी, बाटल्या, कागदातली द्राक्षं, मेन रोडच्या दुकानात उलटे टांगलेले पुतळ्याचे पाय वगैरे. तिने सगळ्या वाचल्या आणि म्हणाली, "छान आहेत. पण मामा, यातलं अर्धं तर आमच्याकडेही आहे."

२ मार्च
तिला घेऊन रामकुंडावर गेलो. तासाभरात तिची मान सात वेळा वळली, माझी एकदाही नाही. (माझी एकदा वळली, पण ती ती कुठे पाहते आहे हे बघायला.)

तिच्या सातांतल्या तीन लिहितो, कारण बाकीच्या चार या तिघींपुढे फिक्या आहेत.

पहिली: नदीच्या पात्रात उभा मारुती, त्याला पुढे एक तोंड आणि मागे एक. ती त्याला पूर्ण फेरी घालून आली. "पाठ नाहीच याला!" दुतोंड्या मारुती. मी म्हटलं, पूर मोजायला आहे. ती माझ्याकडे पाहतच राहिली. खरं तर तो पूर मोजण्यासाठी बसवलेला नाही, पण काम तेच करतो. पावसाळ्यात नाशिकमध्ये गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं, हे रेडिओ सांगतो. त्यावरून कुणालाच काही कळत नाही. मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, हे कळतं. पुढची खूण सरकारवाड्याच्या पायऱ्या, म्हणजे सराफ बाजारात दुकानं उचलायची वेळ. १९६९ च्या महापुराची गोष्ट सांगताना आमचे वडील धरणाचा आकडा कधी सांगत नसत, फक्त पायरी सांगत.

दुसरी: नारोशंकराच्या देवळाच्या तटावरची घंटा. तिसरी: कपालेश्वर. दोघींना वेगळ्या नोंदी लागतील.

नियम दोन आजपासून रद्द. मान तिची, कारण माझं.

४ मार्च
घंटा. माझी आजी आत्याला 'नारोशंकराची घंटा' म्हणायची, कारण आत्या बोलू लागली की तीन घरं ऐकत. नाशिकमध्ये हे अजून म्हणतात. म्हणजे घंटा आम्ही कानाने ओळखतो. डोळ्याने पाहिली ती भाचीने. "देवळाच्या घंटेसारखी नाही ही. चर्चमधल्यासारखी आहे."

आहेच. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसईचा किल्ला फिरंग्यांकडून घेतला, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठे सरदारांनी घरी आणल्या. आणून ठेवायच्या कुठे? देवळात. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये गंगेकाठी रामेश्वराचं देऊळ बांधलं आणि तटावर ही घंटा चढवली. तिच्यावर १७२१ साल आहे. असंच भीमाशंकरला, १७२९ सालची. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यापाशी नदीकाठच्या छोट्या देवळात १७०७ ची, तिच्यावर तर मांडीवर बाळ घेतलेली मेरी आहे. तिथल्या बायका तिला हळदकुंकू लावत असतील तर मला नवल वाटणार नाही.

तीस-पस्तीस वर्षं मी त्या तटाखालून जातोय. रोमन आकड्यांचं घड्याळ दिसलं असतं तर थांबलो असतो. ख्रिस्ती घंटा शंकराच्या देवळावर आहे म्हणून कधी मान वळली नाही, कारण माझ्या डोक्यात ती घंटा नव्हतीच, म्हण होती.

५ मार्च
कपालेश्वर. इथे मान वळायला लावणारी गोष्ट तिथे नाहीच. भाची पायऱ्या चढून वर आली, शंकराकडे पाहिलं, मग वळून मागे पाहिलं, खाली पाहिलं, खांबाआड पाहिलं.

"काय शोधतेस?"
"नंदी."

नंदी नाही. शंकराच्या समोर जिथे बसायचा तिथे मोकळी फरशी. कथा अशी की ब्रह्मदेवाचं पाचवं मस्तक उडवल्यावर शंकराला ब्रह्महत्येचं पातक लागलं आणि कवटी हाताला चिकटून राहिली. ते कुठे सुटेल हे कुणाला सांगता येईना. रामकुंडात स्नान केलं तर सुटेल, हे सांगितलं नंदीने. शंकराने स्नान केलं, सुटलं. मग ज्याने वाट दाखवली तो गुरू. गुरूला समोर वाहन म्हणून कसं बसवायचं?

नसलेल्या गोष्टीचा फोटो कसा काढायचा हा प्रश्न आहे. भाची म्हणाली, फरशीचा काढ. काढला. तीन पावलांचे ठसे आले, तिसरं तिचं.

१० मार्च
देवळाली कॅम्पला कामाला गेलो होतो. इंग्रज सोल्जर मायदेशी जाणारं जहाज मिळेपर्यंत इथे महिनोन्‌महिने कुजत बसायचे आणि त्यांचं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत डोकं फिरण्याला 'डूलॅली' शब्द पडला, तो अजून त्यांच्या कोशात आहे. भाचीने फोनवर उच्चार ऐकवला. देवळाली आहे हे मी सांगितलं नसतं तर मलाच ओळखू आलं नसतं.

कान वळला, मान नाही. नोंद घेत नाही, पण सोडवतही नाही.

१७ मार्च
तिवंधा चौकात रस्ता खणायला घेतला. मी "बाजूने घे" म्हणत स्कूटर वळवत होतो, तर मागे बसलेली भाची उतरली. "मामा, थांब. खाली काय आहे?"

खाली रहाड आहे. पेशवेकाळापासूनची. दगडी बांधणीचा मोठा चौकोनी हौद, माणूस बुडेल एवढा खोल. वर्षभर तो फळ्या-माती टाकून बुजवलेला असतो, वरून रस्ता. रंगपंचमी जवळ आली की उघडायचा, धुवायचा, पूजा करायची. पानाफुलांचा रंग मोठ्या कढयांत उकळून त्यात ओतायचा. पंचमीला लोक उड्या मारतात. उडीही साधी नाही. पाणी उंच उसळलं पाहिजे, तिला धप्पा म्हणतात. मग पुन्हा बुजवायचा, वर्षभरासाठी. अशा रहाडी जुन्या नाशकात आणखी काही ठिकाणी आहेत, दिल्ली दरवाजाला, पंचवटीत शनी चौकात. प्रत्येकीचा रंग ठरलेला, तिवंध्याचा पिवळा.

मी नऊ वर्षांचा असताना पहिला धप्पा मारला. नाकात पाणी गेलं, आठवडाभर शिंका पिवळ्या.

"म्हणजे तू रोज," भाची खड्ड्याकडे बघत म्हणाली, "हौदावरून स्कूटर नेतोस?"

होय. आणि आजवर मला तो रस्ताच वाटत होता. खड्डा म्हणूनसुद्धा कधी वाटला नाही.

१९ मार्च
रंगपंचमी. भाचीने तीन धप्पे मारले. तिसऱ्याला लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो बरे आले. कॅमेऱ्यावर पिवळा डाग पडला आहे, भिंतीवर नंबर सात.

२० मार्च
आज सकाळी परत तिवंध्यावरून गेलो. फळ्या पडायला लागल्या होत्या. उगाच थोडा वेळ थांबलो. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

१३ एप्रिल
सटाण्याला लग्न. बसच्या खिडकीतून पलीकडच्या उतारावर साड्याच साड्या. जांभळ्या, राणी, पोपटी, काठाच्या, फुलाफुलांच्या, उतारभर आडव्या पसरलेल्या. धोबीघाट म्हणावा तर पाणी नाही. पूर्ण मान, खिडकीबाहेर; मागच्या आजोबांनी शर्टाला धरून आत ओढलं.

डाळिंबाची बाग. उन्हाने फळाच्या एका अंगाला तपकिरी चट्टा पडतो, भाव अर्ध्यावर येतो. शेडनेट परवडत नाही सगळ्यांना. जुन्या साड्या बाजारात किलोवर मिळतात, त्या झाडांवर अंथरायच्या. लग्नात शेजारी बसलेल्या शेतकऱ्याला विचारलं, साडीच का? चादर का नाही? तो म्हणाला, पाच-साडेपाच मीटर एकसलग कापड दुसरं कुठलं मिळतं एवढ्या स्वस्तात? आणि पातळ, हवा खेळते, ऊन मात्र गाळून येतं. नायलॉनची असेल तर अजून बरी, दव पडलं तरी लवकर वाळते. सुती फाटते.

मग त्याची बायको म्हणाली, "आमच्या बागेत माझी एक लग्नातली आहे. तिसऱ्या ओळीत." नवरा हसला नाही.

ही नोंद भिंतीवर सगळ्यात मोठी. फोटोसाठी परत सटाण्याला जावं लागेल. नियम एक मोडतो आहे, पण हे कार्यकारिणीला सांगायची गरज नाही.

४ मे
तेवीस झाले. कार्यकारिणीला कच्चं दाखवलं. सगळ्यांना रहाड आवडली ("आम्ही लहानपणी…" असं पाच जणांनी एकदम सुरू केलं). घंटेवर वाद. एक सभासद म्हणाले, चर्चची घंटा असं कशाला लिहायचं? आणलेली आहे ना, मग आपलीच झाली. दुसरे म्हणाले, वसई हा शब्द मोठा छापा. मी दोन्ही गोष्टी ठेवल्या, अक्षर सगळ्यांचं सारखं.

खरी अडचण बाटल्यांवर. कोषाध्यक्षांच्या फाटकापुढे तीन आहेत, सगळ्या लाल. "उपयोग होत नाही असं सरळ छापणार तुम्ही?" शेवटी तडजोड झाली: 'कुत्र्याला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही' एवढंच वाक्य. पुढचं ज्याचं त्याने काढावं.

चोवीसावी जागा रिकामी. भाचीने सुचवलं, आरसाच लाव. प्रत्यक्ष आरसा. छान वाटलं, घरी आल्यावर नकोसं वाटलं. असल्या कल्पना सगळ्या प्रदर्शनांत असतात.

८ जून
फलक छापायला टाकले. प्रेस आमचीच, म्हणून उधारी. कपालेश्वराच्या फलकावर ऑपरेटरने फोटोच बदलला. रिकामी फरशी पाहून त्याला वाटलं चुकीची फाईल आली, म्हणून नेटवरून एक चांगला ठसठशीत नंदी काढून बसवला. अठरा रुपये चौरस फुटाने पुन्हा छापावं लागलं. फलकावरचा मजकूर त्याने वाचला नव्हता. का वाचावा? शंकर म्हटलं की नंदी असणार.

डॉक्टर मित्राला सांगितलं. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, तुझा सगळा प्रकल्प एकीकडे आणि हा ऑपरेटर एकीकडे. चुकीचा फलक मी फेकला नाही. घरी ठेवला आहे.

१५ जून
भिंत लागली. ओल पुन्हा आली, दाढीवाला आता नंबर सात आणि आठच्या मधून डोकावतो. चोवीसाव्या जागी नंदीचा तो चुकीचा फलक लावला, खाली छोट्या अक्षरात 'पहा क्र. १२'. निम्मे लोक बारावर जातात, फरशी बघतात, परत येतात. निम्मे जात नाहीत. त्यांना दोन्हीकडे नंदी दिसला असं ते सांगतात. मी विचारलं म्हणून नाही, आपणहून.

शेळ्यांच्या फोटोपुढे लहान मुलं सर्वांत जास्त वेळ थांबतात. साड्यांपुढे बायका. एक आजी दहा मिनिटं उभ्या होत्या, मग एका जांभळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही अजून चांगली होती."

३० जून
भाची नागपूरला गेली. स्टेशनवर म्हणाली, "आता आमच्याकडे ये. तिथली सात दाखव मला." मी म्हटलं, तिथे मला सत्तर दिसतील. ती म्हणाली, "म्हणूनच म्हणते."

१३ जुलै
रात्रभर पाऊस. पहाटेपासून धरणातून पाणी सोडलेलं. गल्लीत एकच प्रश्न, "मारुती कुठवर?"

दुपारी गंगेवर गेलो. पोलिसांनी दोर लावलेला. मारुतीच्या कमरेच्या वर पाणी, गढूळ, लोंढ्यात एक गादी आणि कुणाचा तरी दरवाजा. शंभरेक माणसं उभी, सगळ्यांचे फोन त्याच्याकडे. मीही काढला, भाचीला पाठवला. खाली लिहिलं: कमरेच्या वर.

लगेच उत्तर आलं. "कुठल्या तोंडाच्या बाजूने?"

मी पाहिलं. उभा होतो तिथून एकच तोंड दिसत होतं. जोराने येणारं पाणी अडथळ्यावर आदळतं तिथे फुगतं, त्याच्या आडोशाला खाली बसतं. म्हणजे एका तोंडाला पाणी जास्त आणि दुसऱ्याला कमी असणार, थोडं का होईना. मग आम्ही इतकी वर्षं कमर, छाती म्हणतो ती कुठल्या बाजूची? शेजारच्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "मारुतीची."

पलीकडे जाऊन पाहायचं ठरवलं. गाडगे महाराज पुलाकडे जायचा रस्ता बंद. हवालदार म्हणाले, पाणी ओसरल्यावर या. ओसरल्यावर काय पाहायचं हे त्यांना कसं सांगणार.

भाचीला लिहिलं: एक बाजू कळली, दुसरी बाकी.